नवमीच्या सकाळचा कागद

सोमवारी सकाळी ऑफिसात आले तर माझ्या टेबलावर एक पोस्टकार्ड पडलेलं होतं. आमच्याच मशीनवर छापलेलं. अक्षरांचं डोकं किंचित पुसट यायचं, त्यावरून मी ते लांबूनही ओळखत असे. पत्ता भिवापूरचा होता. खाली डोळे तपासायला यायची तारीख होती, आणि तिच्याभोवती कोणीतरी लाल पेन्सिलीनं गोल काढला होता.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तारीख कालची होती. काल रविवार होता.

"म्हातारा-म्हातारी पहिल्या एसटीनं आले," मागून सीनियर म्हणाले. "धंतोलीत दवाखान्याच्या पायरीवर दुपारपर्यंत बसून होते. चौकीदार सांगतोय, बाबा, रविवारी बंद असते. तर म्हातारा म्हणतो, 'बंद कसं राहील? मले कम्पूटरनं बोलावलं.'"

ते हसले. मी हसले नाही.

"तारखांचं काम तुमच्याकडेच ना, मॅडम? साहेबांनी अकरा वाजता बोलावलंय."

सीनियर म्हणजे आमचे मुख्य प्रोग्रॅमर. पुण्याहून आलेले, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. मला ते मॅडम म्हणत, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द मानाचा वाटत नसे. लाल पेन्सिल त्यांच्या खिशात असायची. हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

नागपूरला रामदासपेठेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दवाखाने, गिरण्या, संस्था यांची कामं आम्ही आमच्या कंप्युटरवर करून द्यायचो. कंप्युटर म्हणजे दोन कपाटांएवढं मशीन. त्याची खोली थंड ठेवलेली असे, आणि चपला बाहेर काढून आत जावं लागे. खोलीत टाइपरायटरसारखं एक यंत्र होतं. मशीन जे जे करी ते हे यंत्र कागदाच्या लांब पट्टीवर छापत राही. दोन्ही कडांना भोकं असलेला, हिरव्या पट्ट्यांचा तो कागद. रोजचा कागद फाडून, तारीख घालून फाइलला लावायचा, हे काम ऑपरेटर भाऊंचं. मशीन दिवसरात्र चालू असे. त्यासाठी बॅटऱ्या होत्या, जनरेटर होता, आणि दारावर साहेबांच्या सहीची नोटीस होती: लेखी परवानगीशिवाय मशीन बंद करू नये.

मी तिथं वर्षभराच्या परीक्षेवर होते. महिनाअखेरीस वर्ष संपत होतं. पक्कं केलं तर राहायचं, नाही तर माझ्या जुन्या कॉन्व्हेंट शाळेत गणित शिकवायला जायचं. तिथल्या मुख्य सिस्टरनी दिवाळीपर्यंत जागा राखून ठेवली होती. लोकांना ती जागा चांगली वाटे. मला तिच्या नुसत्या विचारानं घाम फुटे. दिवसभर चाळीस मुलींसमोर उभं राहून मोठ्यानं बोलायचं! वर्गात माझा नंबर आला की मी पुस्तकाच्या आड तोंड लपवत असे, ते सिस्टर विसरल्या असतील, मी विसरले नव्हते. मशीनपुढे बोलावं लागत नव्हतं. लिहायचं, वाट बघायची, उत्तर वाचायचं. असं काम जगात असेल हे मला आधी ठाऊकच नव्हतं, आणि एकदा कळल्यावर ते सोडायचं नव्हतं.

त्या कार्डात काय बिघडलं ते सांगायला हवं. एखादं काम सहा प्रोग्रॅमना लागत असेल तर ते सहा ठिकाणी लिहीत नाहीत. एकदाच लिहून सगळ्यांच्या सोयीसाठी वेगळं ठेवतात. त्याला लायब्ररी म्हणतात. पण नुसतं ठेवून भागत नाही. मशीनला सांगावं लागतं की अमुक नावानं हाक आली की तमुक ठिकाणची लायब्ररी दे. म्हणजे नाव नोंदवावं लागतं. नोंद नसेल तर मशीन आपल्या जुन्या ठरलेल्या जागी जाऊन बघतं आणि त्या नावाचं जे सापडेल ते उचलतं.

तारखांची जुनी लायब्ररी सीनियरांनी लिहिलेली होती. ती फक्त दिवस मोजायची. पंधरा दिवसांनी म्हणजे पंधरा दिवसांनी, मग तो रविवार असो की दिवाळी. जुलैत मी नवी लिहिली. ती रविवार टाळायची, दवाखान्यानं दिलेल्या सुट्ट्या टाळायची. साहेबांना आवडली. सीनियर म्हणाले, "छान. जुनी असू द्या तिथंच, लागली तर." मी नवीची नोंद केली, आणि जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर ती बिनबोभाट चालली.

अकराच्या आधी मी टर्मिनलवर बसून नोंदींची यादी मागवली. पाच नावं आली. सहावं, माझं, नव्हतं.

मी यादी परत मागवली. पाचच.

माझी लायब्ररी जागच्या जागी होती, कोणी हात लावलेला नव्हता. फक्त नोंद गेलेली. म्हणून मशीननं जुनी उचलली होती, सीनियरांची. चुकून असं होत नाही, मला वाटलं. चुकून माणूस फाइल पुसतो. नेमकी एका नावाची नोंद काढून आपली जुनी लायब्ररी पुढे आणायची, हे ज्याला येतं तोच करतो. मी मान वळवली नाही, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला सीनियर दिसत होते. ते पेन्सिलीला टोक करत होते.

साहेबांनी मला बसायला सांगितलं नाही. दसऱ्यानंतर छापलेल्या बऱ्याच कार्डांवर चुकीच्या तारखा होत्या. काही रविवारच्या, दोन-चार तर लक्ष्मीपूजनाच्या.

"व्हॉट डिड यू चेंज?"

"नथिंग, सर." नोंदींच्या यादीतून माझं नाव गेलंय, तेवढं मी सांगितलं.

"मशीन आपोआप नावं पुसतं?"

सीनियरांचं नाव घ्यावंसं वाटलं, पण हातात काही नव्हतं. मी गप्प राहिले. माझी गप्प राहण्याची सवय लोक दोन प्रकारे वाचतात, एक तर हिला येत नाही, नाही तर ही शिष्ट आहे. साहेबांनी त्या दिवशी तिसरा अर्थ काढला. दुपारी इंग्रजीत टाइप केलेला मेमो मिळाला. शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्यावा. तो समाधानकारक नसेल तर परीक्षेचा काळ संपताना त्याचा विचार केला जाईल.

पुढचे दोन दिवस मी दोन कामं केली. एक उघड, एक गुपचूप.

उघड काम म्हणजे चुकलेल्या कार्डांच्या लोकांना हातानं दुरुस्तीची पत्रं लिहायची. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक. माझं मराठी अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं गोल गोल. शेजारी डेटा एन्ट्रीच्या ताई बसायच्या. सकाळी सातची त्यांची पाळी, पण माझ्यासाठी त्या दुपारी थांबल्या. चाळिशीच्या, बोलक्या, ऑफिसात कोणाला न घाबरणाऱ्या.

"काय लिहून राहिली वं? 'क्षमस्व'?" माझ्या पत्रात डोकावून त्या म्हणाल्या. "त्या बुढ्याले क्षमस्व काय समजंल? लिही, तारीख चुकली, बुधवारी या, चष्मा आणा. बस!"

मी तसं लिहिलं.

"कॉन्व्हेंटवाले चूक झाली तरी इस्त्री करून पाठवतात," त्या म्हणाल्या आणि स्वतःच खुदकन हसल्या.

गुपचूप काम म्हणजे पहारा. मी नोंद परत केली होती. आता सकाळी आल्यावर, जेवायच्या आधी आणि निघताना यादी मागवून बघायची आणि छोट्या वहीत खूण करायची. सोमवारी संध्याकाळी नोंद होती. मंगळवारी तिन्ही वेळा होती. बुधवारी सकाळीही होती. दुसऱ्या कोणाला हायसं वाटलं असतं. मला वाटलं, ज्यानं काढली त्याला कळलंय की मी बघतेय.

त्यावरून मी कोण कोणाशी बोलतं तेही बघू लागले. सीनियर आणि ऑपरेटर भाऊ रोज चार वाजता जिन्यात उभं राहून चहा पितात, हे मला वर्षभर माहीत होतं. त्या बुधवारी ते माझ्याविषयी बोलताहेत असं मला दिसू लागलं. भाऊंनी एकदा माझ्या दिशेनं पाहिलं आणि कप तोंडाला लावला.

भाऊ उमरेडचे. घरी पिढ्यान् पिढ्या हातमाग. वडिलांनंतर माग विकले गेले आणि हे नागपूरला आले. पन्नाशीच्या पुढचे, कपाळावर बारीक गंध. मशीनची धूळ ते मलमलच्या तुकड्यानं पुसायचे. मला इंग्रजी येतं म्हणून सुरुवातीला ते मला बिचकायचे, आणि मला बोलायचा संकोच म्हणून मी त्यांना. वर्षभरात आमच्यात दहा-बारा वाक्यं झाली असतील.

बुधवारी दुपारी मला कागदांची फाइल आठवली. मशीनवर जे झालं ते त्या यंत्रानं छापलेलं असणार. नोंद काढली असेल तर तेही. मी थंड खोलीत जाऊन फाइल काढली आणि एक एक दिवस उलटू लागले. नवरात्रातल्या अष्टमीपर्यंत सगळं नीट होतं. पुढचा कागद नवमीचा, पण सकाळी नऊपासूनचा. त्याआधीचा नव्हता. रात्रीचा कागद होता तो पहाटेच्या सुमाराला थांबत होता, आणि पुढच्या पानाची कड घडीच्या रेषेवर अगदी सरळ फाडलेली होती. घाईनं ओढलेली नव्हती, निगुतीनं काढलेली.

"काय शोधून राहिली पोरी?"

भाऊ दारात उभे होते, हातात तो मलमलचा तुकडा.

"नवमीचा सकाळचा कागद नाहीये."

"असल की."

"नाहीये."

त्यांनी फाइल माझ्या हातून घेतली, उलटल्यासारखी केली आणि परत ठेवली. "हवेनं गेला असल," ते म्हणाले. त्या खोलीची खिडकी कायमची बंद होती. ते माझ्याकडे बघत नव्हते. मला एवढंच हवं होतं. दोघं सामील आहेत. सीनियरांनी नोंद काढली, भाऊंनी कागद काढला. मी वहीत लिहिलं: नवमी, सकाळ, नऊच्या आधी. आणि खाली रेघ मारली.

गुरुवारी डबा खाताना ताईंना विचारलं. थेट नाही. मला थेट विचारता येत नाही. म्हटलं, "नवमीला तुम्ही सकाळी आला होतात का?"

"आली होती ना. सहा वाजताच. दसऱ्याले आमच्या घरी गावचे पाहुणे, दीक्षाभूमीवर जायले. म्हटलं आदल्या दिवशी काम उरकून टाकू. पण कामच कुठं होतं? बाहेर बाकड्यावर बसून होती अर्धा घंटा."

"का?"

"काहून म्हणजे? भाऊची पूजा चालू होती आत. मी काही पूजेबिजेत जात नाही, तुले माहीत आहे. ते त्यांचं करतात, मी बाहेर बसतो." त्यांनी भाजीचा एक घास माझ्या डब्यात टाकला. "पण खरं सांगू का, त्या दिवशी कसं गप गप वाटलं. रोज तो घूं घूं आवाज असते ना, भिंतीतून येते? तो नव्हता. म्हटलं, देवच झोपला वाटते तुमचा."

माझा हात डब्यात थांबला.

"ताई, आवाज नव्हता म्हणजे?"

"नव्हता म्हणजे नव्हता वं. खाऊन घे."

मशीनचा तो आवाज कधीच थांबत नसे. थांबला असेल तर मशीन बंद होतं. बंद होतं म्हणजे कोणीतरी केलं होतं. संध्याकाळपर्यंत मी मनात एक नवीन रचना उभी केली: मशीन बंद करून सीनियरांनी काहीतरी केलं आणि पूजेचं निमित्त ठेवलं. सीनियर नवमीला रजेवर होते ही गोष्ट मला अडली. तीही मी वाकवून बसवली, की रजा मुद्दामच घेतली असेल. आता लिहिताना हसू येतं. तेव्हा सगळं चपखल बसत होतं. उद्या शुक्रवार होता, आणि खुलाशाचा कागद कोरा होता.

घरी आले तर आई स्वयंपाकघरात सगळे डबे मांडून बसली होती. दिवाळीची साफसफाई. मोठ्या डब्यातली मिरची तिनं परातीत ओतली होती. भिवापूरची, मामाकडून आलेली. सगळं घर शिंकत होतं.

"नाकाले पदर लाव," ती म्हणाली, "आणि तो डबा उन्हाच्या खिडकीत ठेव. बुडचा कागद राहू दे, चांगला जाड आहे."

डब्याच्या बुडाशी घडी घातलेला कागद होता. कडांना भोकं. हिरव्या पट्ट्या.

"हा कुठला?"

"तुझ्याच ऑफिसचा. दसऱ्याचा प्रसाद नाही का आणला तू, बत्तासे? त्यातच होता. असा कागद फेकते का कोणी?"

मला आठवलं. नवमीला मी दहा वाजता पोचले तेव्हा टेबलावर पुडी होती. भाऊ म्हणाले होते, "प्रसाद आहे." मी ती न उघडता पर्समध्ये टाकली आणि घरी आईला दिली.

मी तिथंच जमिनीवर बसून घडी उलगडली. एका कोपऱ्यात बत्ताशांची साखर चिकटलेली, मध्ये कुंकवाचा बोटभर डाग, बाकी मिरचीची लाली. पण छपाई स्वच्छ होती. नवमीची तारीख. सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटं. मशीन सुरू होत आहे. त्याखाली, मशीन सुरू होताना दर वेळी जी यादी वाचतं ती, एका ओळीत एक: ही लायब्ररी नोंदवली, ही लायब्ररी नोंदवली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग, तयार.

मी सहावी ओळ शोधत होते. कोणी काढलेली नव्हती. ती कधी नव्हतीच.

मी नोंद केली होती टर्मिनलवरून, हातानं. ती मशीनच्या चालू आठवणीत होती, मशीन चालू होतं तोवर. सुरू होताना वाचायची यादी वेगळ्या फाइलीत असते, आणि तिच्यात ओळ घातल्याशिवाय मशीन पुढच्या वेळी तुमचं नाव ओळखत नाही. ही गोष्ट मी मॅन्युअलमध्ये वाचली होती. वाचून पुढे गेले होते. जुलैपासून मशीन एकदाही बंद झालं नव्हतं, म्हणून कळलं नव्हतं.

"काय झालं?" आईनं विचारलं. "डोळे चोळू नको, हाताले मिरची आहे."

खरं सांगायचं तर पहिलं वाटलं ते दुःख नव्हतं. वाटलं की हे कोणाला दिसू नये. चार दिवस मी चोर शोधत होते आणि वहीत रेघा मारत होते.

शुक्रवारी सकाळी मी साडेसहाला गेले. भाऊ एकटे होते. मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही. नुसता पाहिला, आणि खाली स्टुलावर बसले.

"तुमी बंद केलं होतं?" मी विचारलं. कसं कोण जाणे, 'तुम्ही' न म्हणता मी 'तुमी' म्हणाले.

"मी केलं." मग म्हणाले, "नवमीले आमच्या घरी मागाले हात लावत नव्हते. सूत घेऊन धावणारा धोटा सुद्धा धुऊन पुसून ठेवत. माह्या बापानं सांगितलं होतं, चालत्या अवजाराले हळदकुंकू लावत नसतात, त्याले अर्धी घडी तरी इसावा द्या. गेल्या साली मी चालू मशीनलेच कुंकू लावलं. वर्षभर चैन नाही पडली पोरी. औंदा म्हटलं, अर्धा घंटा. साहेब गावाले गेलेले. कोणाले काय समजते?"

"आणि कागद?"

"टाइम छापलाय ना त्याच्यावर. म्हणून काढला." ते माझ्याकडे बघत होते. "आता साहेबाले दाखवशील?"

"चूक माझी आहे, भाऊ. तुम्ही बंद केलं म्हणून फक्त दिसली."

त्यांना ते पटलं नाही. डोळे बारीक करून म्हणाले, "मले फसवून तर नाही राहिली ना वं?"

मी पण तसंच बघत असणार त्यांच्याकडे चार दिवस.

खुलासा लिहायला मला अर्धा तास लागला. चूक काय, कुठली ओळ कुठल्या फाइलीत हवी होती, माझ्याकडून का राहिली. पण एक अडचण होती. मशीन नवमीला पुन्हा सुरू झालं हे दाखवल्याशिवाय खुलाशाला अर्थ नव्हता, सीनियर म्हणाले असते की ही मनानं रचतेय. आणि कागद जोडला तर कुंकवासकट जाणार. ऑफिसात पूजा एकच माणूस करायचा. कागद न जोडावा तर शाळा, चाळीस मुली. कागद जोडावा तर भाऊ. शेवटी दुपारी धंतोलीतल्या एका दुकानातून मी त्याची झेरॉक्स काढली आणि मूळ कागद घरी ठेवून आले. झेरॉक्समध्ये सगळे डाग सारखेच काळे आले.

मशीनच्या त्या सुरुवातीच्या फाइलीत ओळ घालायची तर सीनियरांना विचारावं लागणार होतं. जुलैत त्यांनी बजावलं होतं, स्टार्टअप फाइलला हात लावू नका, ती मी बघतो. मी त्यांना सांगितलं की ओळ राहिली होती. त्यांनी मान हलवली, आश्चर्य दाखवलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. थेट. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा.

"काय?"

"की मशीन बंद झालं तर माझी नोंद जाईल."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, मॅडम. तुम्ही कधी विचारलंत?"

मी विचारलं नव्हतं. हे खरं होतं. त्यांनी सांगितलं नव्हतं, हेही खरं होतं. तीन महिने ते रोज माझ्यापासून चार हातांवर बसत होते. त्यातलं किती विसरणं होतं आणि किती वाट बघणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी ओळ घातली. मी मागे उभी राहून ती अक्षर अन् अक्षर वाचली.

साहेबांनी खुलासा दोनदा वाचला. मग झेरॉक्स डोळ्यांजवळ नेली.

"ओरिजिनल कुठे आहे?"

"घरी."

"घरी कशाला?"

"डब्यात होतं, सर. मिरचीच्या."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मशीन बंद कोणी केलं?"

"ते मला विचारू नका, सर. माझी चूक मी लिहिली आहे."

त्यांच्याशी मी मराठीत एवढं बोलण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी त्या काळ्या डागावर बोट ठेवलं. "हा डाग कसला?"

"मिरचीचा."

"मिरचीचा," ते म्हणाले. आणि डागाकडे बघतच राहिले. त्यांचं घर जुन्या नागपुरात, महाल भागात, त्यांच्याकडेही नवमीला विळी-कोयते पाटावर मांडत असणार. कागद फाइलला लावत ते म्हणाले, "यू मे गो."

त्यांनी मला पक्कं केलं नाही. परीक्षेचा काळ तीन महिन्यांनी वाढवला. दिवाळी झाल्यावर सिस्टरांनी ती जागा दुसऱ्या मुलीला दिली. ते तीन महिने मी काहीही गृहीत धरलं नाही, आणि जानेवारीच्या शेवटी पत्र मिळालं. भाऊंना साहेबांनी बोलावलं की नाही, काय म्हणाले, हे मला कळलं नाही. भाऊ चार दिवस माझ्याशी बोलत नव्हते. पाचव्या दिवशी त्यांनी माझा टर्मिनल त्या मलमलच्या तुकड्यानं पुसला.

पुढच्या दसऱ्याच्या आधी नोटीस लागली. नवमीला सकाळी सहा ते सात, पूजेसाठी मशीन बंद ठेवण्यात येईल. सुरू करताना एका प्रोग्रॅमरनं हजर राहावं. खाली साहेबांची सही.

हजर राहायला मी गेले. ताई बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या, आत जाताना म्हणाल्या, "झोपू दे त्याले जरा, लवकर उठवू नको." आत भाऊंनी हळद, कुंकू, फूल वाहिलं. मग त्यांनी बटण दाबलं आणि ते यंत्र खडखडत छापू लागलं. मी वाकून वाचत होते. पाचवी ओळ गेली. सहावी आली. माझ्या लायब्ररीचं नाव. मी ते परत वाचलं.

भाऊंनी प्रसादाची पुडी माझ्या हातात दिली. गेल्या वर्षी ताईंना प्रसाद वर्तमानपत्रात बांधून मिळाला होता. हे मी त्यांना नंतर विचारलं होतं. रजेवरून आल्यावर सीनियरांना मिळाला तोही वर्तमानपत्रातच. वर्तमानपत्र संपलं म्हणून शेवटच्या पुडीला हाताशी असलेला कागद लागला असेल. किंवा ज्या माणसाला कागद फाइलमध्ये ठेवता येत नव्हता आणि फाडून टाकवतही नव्हता, त्यानं तो इंग्रजी वाचणाऱ्या पोरीच्या पर्समध्ये घातला असेल. भाऊंना मी ते कधी विचारलं नाही.

या वेळी मी पुडी तिथंच उघडली, बत्तासे रुमालात घेतले आणि कागद दोन्ही बाजूंनी बघितला.

"साधाच आहे," भाऊ म्हणाले.

मी म्हटलं, "हो." आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.